अक्षर नसलेले पुस्तक

दशलक्षण पर्वातील तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ होती. सांगली जिल्ह्यातील वारणाकाठच्या त्या गावात सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली होती. आजीचे एकाशन दुपारीच झाले होते आणि मंदिरात आरतीला जायला अजून तासभर अवकाश होता. जैन घरात दिवेलागणीच्या आधीच चूल शांत होते, त्यामुळे तेथील संध्याकाळ इतरांच्या घरांपेक्षा लांब असते. पूर्वी गोष्टी सांगितल्या जात त्या या लांब संध्याकाळीच. गणपतीच्या सुट्टीसाठी पुण्याहून आलेला सात वर्षांचा नातू सोप्यात आजीजवळ येऊन बसला. हातातले पातळसे, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक त्याने तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "आजी, तू वाच."

आजीने चष्मा पदराने पुसून डोळ्यांवर चढवला. पहिले पान उघडले, दुसरे उघडले, मग पुस्तक खिडकीच्या उजेडात धरले. पानांवर रस्ता होता, इमारती होत्या, लाल डगला घातलेली एक लहान मुलगी होती. पण अक्षर कोठेच नव्हते. "अरे, यातली अक्षरं मला दिसेनाशी झाली की काय?" असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या स्वरात थट्टा कमी आणि धास्ती जास्त होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून वर्षही झाले नव्हते. नातू हसत सुटला. "नाहीतच आजी! यात अक्षरं नाहीतच. तरी वाचायचं."

'वाच' हा शब्द आजी गेली तीन वर्षे चुकवत आली होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण घरात धाकटी भावंडे होती आणि पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावी होता. देवनागरी तिला येते. रोज सकाळी सामायिक झाल्यावर ती पोथी उघडते, ओळीखाली बोट ठेवून ते हळूहळू पुढे सरकवते आणि निम्मे पाठांतर व निम्मे वाचन अशा रीतीने तिचा स्वाध्याय चालतो. पण नातू दर सुट्टीत घेऊन येई ती पुस्तके इंग्रजी असत. मग कधी आजीचे हात पिठात असत, कधी नुकतेच डोळ्यांत औषध घातलेले असे, कधी गोठ्याकडे जायची घाई असे. नातवाला त्याचा संशय कधी आला नाही. आजीचे हात सदैव गुंतलेले असतात एवढेच त्याला ठाऊक होते. त्या दिवशी सकाळचे प्रवचन उत्तम आर्जव धर्मावर झाले होते. मनात एक, बोलण्यात दुसरे आणि करण्यात तिसरे असू नये, हे ऐकताना इतर श्राविकांबरोबर आजीनेही मान डोलावली होती. आता मांडीवर पुस्तक होते आणि बहाणा सुचत नव्हता.

त्याच शब्दाची धास्ती नातवालाही होती, हे मात्र आजीला माहीत नव्हते. पुण्याच्या इंग्रजी शाळेत तो वर्गात उभा राहून वाचू लागला की ओळी एकमेकींत मिसळत, अक्षरे जागा बदलत आणि मागच्या बाकावरून हसू येई. शाळेच्या डायरीत सूचना येत. रोज रात्री अर्धा तास आई त्याला वाचायला बसवी आणि तो अर्धा तास बहुतेक वेळा रडण्यात संपे. आई कठोर नव्हती, ती घाबरलेली होती. आपले मूल मागे पडत आहे, या भीतीपुढे भल्याभल्यांचा विवेक टिकत नाही. अशा वेळी त्या मुलाच्या आत्याने हे पुस्तक आणले. किमतीकडे आणि आतील पानांकडे आळीपाळीने पाहत आई म्हणाली होती, "वन्सं, एवढ्या पैशांत गोष्टींची चार पुस्तकं आली असती. यात वाचायला काय आहे?" त्यावर आत्याने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती म्हणाली, "वाचायला पुष्कळ आहे, वहिनी. वाचून दाखवायला काही नाही, एवढंच."

पुस्तकाचे नाव 'साइडवॉक फ्लॉवर्स'. कॅनडातील जॉनआर्नो लॉसन यांची कथाकल्पना आणि सिडनी स्मिथ यांची चित्रे, असे हे पुस्तक 2015 साली निघाले आणि त्याच वर्षी त्याला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. सिडनी स्मिथ यांना पुढे 2024 मध्ये बालसाहित्यातील चित्रकारांसाठी सर्वोच्च मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारही लाभला. लॉसन हे मुळात कवी आहेत. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या माणसाने एकही शब्द नसलेले पुस्तक रचावे, हा विनोद नाही. टोरांटोच्या रस्त्यावरून आपल्या मुलीबरोबर घरी परतत असताना, स्वतःचे लक्ष भलतीकडे होते आणि मुलगी मात्र वाटेतली फुले गोळा करीत होती, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या प्रसंगातून हे पुस्तक उगवले.

गोष्ट सांगायची तर दोन वाक्यांत संपते. वडील आणि लहान मुलगी शहरातून चालत घरी जात आहेत. वडील फोनवर बोलत आहेत. फरसबंदीच्या फटींत, भिंतीच्या कडेला उगवलेली रानफुले मुलगी गोळा करते आणि पुढे ती एकेकाला देत जाते: वाटेत मरून पडलेल्या पक्ष्याला, बाकावर झोपलेल्या माणसाला, एका कुत्र्याला, घरी पोहोचल्यावर आईला आणि भावंडांना. शेवटी एक फूल स्वतःसाठी ठेवते. सुरुवातीची चित्रे काळ्या-करड्या शाईची आहेत. रंग आहे तो मुलीच्या लाल डगल्याला आणि फुलांना. मुलगी फुले देऊ लागते तसतसा पानांत रंग भरत जातो. हे कोठेही लिहिलेले नाही. दोन-तीनदा पाने उलटल्यावर ते आपोआप दिसते आणि ज्याला दिसते तो आनंदाने ओरडतो.

त्या संध्याकाळी ओरडला तो नातू. पण त्याआधी भांडण झाले.

मुलीने पहिले फूल घेतले त्या पानावर आजी थांबली. तिच्या घरी पूजेत पुष्प म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात. चातुर्मासात हिरव्या गवतावर पाय पडू नये म्हणून ती मंदिराकडे जाताना लांबचा, दगडी फरशीचा रस्ता धरते. वनस्पती हाही एकेंद्रिय जीव आहे, हे तिला पोथीतून शिकावे लागले नाही. ते तिच्या चालण्यातच मुरलेले आहे. "फूल कशाला तोडायचं बाई तिनं? असू दे की जागच्या जागी," असे ती चित्रातल्या मुलीला उद्देशून म्हणाली. नातवाला ते मुळीच मान्य झाले नाही. मुलगी वाईट नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्याने पाने पुढे उलटली, पक्षी दाखवला, झोपलेला माणूस दाखवला. "बघ, तिनं सगळी देऊन टाकली." आजी म्हणाली, "देऊन टाकली ते चांगलंच केलं. पण तोडली ती तोडलीच की." मग नातू पुन्हा पहिल्या पानाकडे गेला. ही फुले कोणी लावलेली नाहीत, ती फटीत उगवली आहेत, लोकांच्या बुटांखाली येणारच होती, असा मुद्दा त्याने काढला. आपल्या पायरीजवळच्या एकदांडीसारखीच ती आहेत, असेही त्याने सांगितले. आजीने विचार केला आणि म्हणाली, "बुटाखाली येणार होती हे तुला कुणी सांगितलं? चित्रात कुठं आहे ते दाखव."

नातू ते शोधू लागला. शाळेच्या पुस्तकातले एक पान वाचताना दहा वेळा उठणारा तो मुलगा पाऊण तास त्या बत्तीस-एक पानांत पुरावा शोधत होता. पुढे जात होता, मागे येत होता, माणसांच्या पायांकडे, बुटांकडे, फटींकडे पाहत होता. या शोधाला वाचन म्हणायचे नसेल, तर वाचन कशाला म्हणायचे हे एकदा ठरवावे लागेल. मागचा संदर्भ धरून पुढचा अर्थ लावणे, न सांगितलेल्या गोष्टीचा अंदाज बांधणे, अंदाजाला आधार मागणे आणि आधार मिळाला नाही तर मत बदलणे, हे सगळे अक्षर ओळखण्याच्या आधी, नंतर आणि त्याच्याही पलीकडे वाचकाला करावे लागते. शास्त्राच्या स्वाध्यायातही दुसरे काय असते?

शब्दाविना गोष्ट सांगणारी अशी पुस्तके पाश्चात्त्य देशांत काही नवी नाहीत. मर्सर मेयर या अमेरिकी चित्रकाराने 1967 मध्ये एक मुलगा, एक कुत्रा आणि एक बेडूक यांचे चिमुकले पुस्तक काढले. मुलगा जाळे घेऊन बेडूक पकडायला जातो, पकडू शकत नाही, चिडून घरी जातो, आणि एकटा पडलेला बेडूक आपण होऊन त्याच्या मागोमाग येतो. जपानच्या मित्सुमासा अन्नो यांनी 1977 मध्ये युरोपातून फिरणारा एक घोडेस्वार पानोपानी चितारला. त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रेमंड ब्रिग्ज यांचा 'द स्नोमॅन' आला. रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या मऊ चित्रांत एका मुलाची आणि त्याने घडवलेल्या बर्फाच्या माणसाची एका रात्रीची मैत्री आहे. सकाळी मुलगा धावत अंगणात जातो, तेव्हा तेथे वितळलेला बर्फ आणि टोपी उरलेली असते. पुस्तक तेथेच संपते. समजूत घालणारे वाक्य नाही, कारण वाक्यच नाही. येथे अनित्य भावनेची आठवण होणे जैन वाचकाला अटळ आहे. पण ती मुलाला लगेच बोलून दाखवावी काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत ती बोलून दाखवली जाते. मुलगा अजून त्या टोपीकडे पाहत असतो आणि मोठी माणसे बारा अनुप्रेक्षांपर्यंत पोहोचलेली असतात.

तात्पर्याची ही घाई जेरी पिंकनी यांनी फार सुंदर रीतीने मोडली. सिंह आणि उंदीर ही इसापाची गोष्ट मराठी मुलांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असते आणि तिचे तात्पर्यही तिच्याबरोबरच ठाऊक असते. पिंकनी यांनी 2009 मध्ये ती आफ्रिकेच्या सेरेंगेटीत नेली आणि प्राण्यांच्या आवाजांखेरीज एक शब्दही ठेवला नाही. मुखपृष्ठावर नावसुद्धा नाही, फक्त सिंहाचा चेहरा आहे. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला अमेरिकेतील चित्रपुस्तकांचा मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. तात्पर्य छापलेले नसल्यामुळे मूल सिंहाच्या डोळ्यांत पाहते, उंदराच्या दातांकडे पाहते, दोर कुरतडायला किती वेळ लागला असेल याचा विचार करते. सिंहाने उंदराला का सोडले, हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. दयेने? कंटाळ्याने? इसापाने याचे उत्तर आधीच देऊन टाकले होते.

आपल्या देशातही असे काम होत आहे. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने काढलेले प्रिया कुरियन यांचे 'अम्माचीज ग्लासेस' हे पुस्तक चष्मा हरवलेल्या एका केरळी आजीच्या दिवसभराच्या गोंधळाचे आहे आणि त्यातही शब्द नाहीत. पुस्तक मल्याळी, मराठी की इंग्रजी, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. परदेशी वाढणारी नातवंडे आणि गावी राहणारे आजी-आजोबा यांच्यात आज एक लिपीही समान राहिलेली नाही, अशी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. सुट्टीत ती नातवंडे येतात, पाया पडतात, 'जय जिनेंद्र' म्हणतात आणि मग दोन्ही बाजूंना काय बोलावे ते सुचत नाही. अशा घरातही हे पुस्तक सारखेच उघडते.

तरीही या पुस्तकांचे खरे आकर्षण भाषेची अडचण टळते यात नाही. ते यात आहे की मोठ्या माणसाचा वरचष्मा तेथे संपतो. अक्षरांच्या पुस्तकात एक वाचणारा असतो आणि एक ऐकणारा. किल्ली मोठ्याच्या हाती असते. तो एखादे पान गाळू शकतो, झोप आली तर शेवट जवळ आणू शकतो. शब्द नसलेल्या पुस्तकापुढे दोघेही सारखेच अडाणी किंवा सारखेच शहाणे असतात. किंबहुना मुलाचे डोळे अधिक शिताफीचे असल्याने पारडे त्याच्याकडेच झुकते. हे मोठ्यांना सोसत नाही. मग ते आपला अधिकार दुसऱ्या वाटेने परत आणतात. दुसऱ्या दिवशी आईने तेच केले. आजी-नातवाचे रंगलेले वाचन पाहून ती जवळ बसली आणि सवयीने विचारू लागली, "डगल्याचा रंग कोणता? फुलं किती? मोज बघू. स्पेलिंग सांग." तिसऱ्या प्रश्नाला नातवाने पुस्तक मिटले आणि तो अंगणात निघून गेला.

आईच्या चिंतेत मात्र तथ्य होते, ते नाकारता येणार नाही. चित्रे पाहून कोणी बाराखडी शिकत नाही. मुलाला अखेर अक्षरांशी गाठ घालावीच लागेल. त्यासाठी निराळे कष्ट, निराळी मदत, प्रसंगी जाणकाराचा सल्ला लागेल. शब्दरहित पुस्तक हे त्यावरचे औषध आहे, असे जे सांगतात ते त्या पुस्तकावर नको ते ओझे लादतात. सुट्टीनंतर हा मुलगा शाळेत परतला, तेव्हाही तो अडखळतच वाचत होता. फरक पडला असेल तर इतकाच की पुस्तक ही वस्तू आपल्याला हरवण्यासाठीच केलेली नसते, असा एक अनुभव त्याच्या गाठीशी आला. सात वर्षांच्या मुलाला तो लहान नसतो.

पाचव्या दिवशी सकाळी आजी त्याला मंदिरात घेऊन गेली. दर्शन झाल्यावर सभामंडपातील भिंतीपाशी तो थबकला. अनेक जैन मंदिरांत असते तसे तेथेही षट्लेश्येचे चित्र होते: फळांनी लगडलेले जांभळाचे झाड आणि त्याच्या भोवती सहा माणसे. एक झाड मुळापासून तोडायला निघाला आहे. दुसरा मोठी फांदी तोडतो आहे, तिसरा लहान फांद्या, चौथा फळांचे घोस. पाचवा फक्त पिकलेली फळे खुडतो आहे आणि सहावा झाडाला हातही न लावता खाली पडलेली जांभळे वेचून खातो आहे. भूक सहाही जणांना सारखीच लागली आहे. खाली कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल अशी नावे रंगवलेली होती. ती नातवाला वाचता आली नाहीत. आजी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात तो माणसांच्या अंगाच्या रंगांवर बोट नेऊ लागला. काळा, निळा, करडा, पिवळा, गुलाबी, पांढरा. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी, यांचापण रंग बदलत जातोय. पुस्तकासारखा."

आजीने तोंड मिटले. पुढे प्रवचनात, पाठशाळेत तो लेश्यांचा अर्थ शिकेलच. गोम्मटसाराच्या गाथाही कधी काळी ऐकेल. पण ती त्या वेळी काही बोलली नाही, हे तिने बरे केले.

तिला मात्र त्या भिंतीपाशी दुसरेच काही आठवले. माहेरच्या गावी मंदिराच्या दारावरील पट्टीत त्रिशलामातेची स्वप्ने कोरलेली होती. दिगंबर परंपरेत ती सोळा मानतात, श्वेतांबर परंपरेत चौदा. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, पुष्पमाळा, चंद्र, सूर्य, माशांची जोडी, अशी ती ओळीने होती. शाळेत नाव घालण्याच्याही आधी, आईच्या कडेवर बसून, एकेका चित्राकडे बोट करून तिने ती पाठ केली होती. शेजारी मधुबिंदूचे चित्र होते. विहिरीत लोंबकळणारा माणूस, खाली आ वासलेले साप, मुळी कुरतडणारे काळा आणि पांढरा असे दोन उंदीर, झाडाला धडका देणारा हत्ती, आणि या सगळ्यात तोंड वर करून मधाच्या थेंबाची वाट पाहणारा तो माणूस. विमानातून मदतीला आलेल्या विद्याधराकडे तो का पाहत नाही, या प्रश्नाने तिला लहानपणी कित्येक दिवस छळले होते. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र, हे तिला फार पुढे समजले. छळणारा प्रश्न आधी आला होता आणि उत्तर नंतर. म्हणजे वाचायला येत नाही म्हणून जिने नातवापासून तोंड चुकवले, ती अक्षरे येण्यापूर्वीपासून वाचतच होती. आपल्या या वाचनाला वाचन म्हणतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

मंदिरातील चित्र आणि हे नवे पुस्तक यांत अंतर आहे, तेही मान्य केले पाहिजे. भिंतीवरील चित्राचा अर्थ परंपरेने निश्चित केलेला असतो, आज ना उद्या तेथे पोहोचायचे असते आणि पोहोचवणारा गुरू जवळ असतो. पुस्तकातील मुलगी कोठे पोहोचावे हे सांगत नाही. तरी दोन्हींपुढे मुलाला उभे राहू द्यावे लागते. किती वेळ, हे मुलानेच ठरवावे.

त्या रात्री नातवाने आईलाही पुस्तकासाठी बोलावले, पण अट घातली: "तू काही विचारायचं नाहीस." आई काही न विचारता बसली. मधल्या एका पानावर नातू म्हणाला, "हे बाबा आपल्या बाबांसारखेच आहेत. सगळा वेळ फोन." आईने काही उत्तर दिले नाही. पुण्याला राहिलेले बाबा त्या दिवशी सकाळपासून दोनदा फोनवर आले होते आणि दोन्ही वेळा दुसरा फोन आल्यामुळे बोलणे अर्धवट राहिले होते. आजीने चष्मा सारखा केला. मुलाची आई होती ती. आपल्या मुलाची बाजू तिला घ्यावीशी वाटली असणार. पण तिने बाजू घेतली नाही, पाने मागे उलटली आणि एका चित्रावर, पोथीतल्या ओळीखाली ठेवावे तसे, बोट ठेवले. "इथं बघ. हात धरलाय त्यानं तिचा."

नातवाने पाहिले. हात खरोखरच धरलेला होता. "पण बघत नाहीये तिच्याकडे," तो म्हणाला.

"बघत नाही. खरं आहे," आजी म्हणाली. "पण सोडलेलाही नाही."

आई त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पान स्वतः उलटले.

सुट्टी संपून मुले-माणसे पुण्याला गेली, तेव्हा पुस्तक सोप्यातील फळीवर, पोथीशेजारी राहिले. विसरून राहिले की नातवाने मुद्दाम ठेवले, हे त्याने सांगितले नाही. दुपारी जेवणखाण झाल्यावर, झोप येईपर्यंत आजी ते उघडून बसू लागली. शेजारणीने एकदा विचारले, "काय वाचताय हो काकू?" तेव्हा आजीने हातातले पुस्तक लपवले नाही.

पर्व संपून क्षमावणी झाली. त्यानंतरच्या रविवारी फोनवर नातवाने नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, वाचलंस का?"

"वाचलं. पण आज उलटीकडून वाचलं. शेवटच्या पानापासून पहिल्याकडं."

"मग काय झालं?"

"मग ती पोरगी घरातून निघते. आईकडची, भावंडांकडची फुलं परत घेते. कुत्र्याकडची घेते, त्या झोपलेल्या माणसाजवळची घेते. सगळी गोळा करते आणि रस्त्यानं जाता जाता एकेक फूल जिथल्या तिथं लावून टाकते. शेवटी हात रिकामे. एकही फूल तोडलेलं नाही."

नातवाला हे फार आवडले. तो हसला, आजीच जिंकली असे म्हणाला आणि मग एकदम थांबला. "आणि पक्षी? त्याच्याजवळची फुलं पण ती घेते?"

"घेते."

"मग तो उडतो?"

आजीने फळीवरचे पुस्तक हातात घेतले, ते पान काढले आणि नीट पाहिले. "नाही रे," ती म्हणाली, "पाखरू तसंच राहतं."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मागे पुण्याच्या रहदारीचा आवाज तेवढा येत होता. मग नातू म्हणाला, "आजी, दिवाळीला येताना ते घेऊन ये. मला ते पान बघायचंय."